रिकाम्या परतीचे गणित

बंगळूर शहराच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत कोणप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर ही दोन खेडी होती. १९७० नंतरच्या दशकात कर्नाटकाच्या इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाचे, म्हणजे 'किऑनिक्स'चे, प्रमुख आर. के. बाळिगा यांनी या खेड्यांच्या ३३२ एकर जमिनीवर इलेक्ट्रॉनिक उद्योगांची एक वसाहत वसविण्याचा संकल्प केला. शहरापासून इतक्या दूर कोण येणार, अशी शंका त्या काळी घेतली जाणे स्वाभाविकच होते. पण लोक आले. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली आणि पुढे बंगळूरला गेलेली 'इन्फोसिस' तेथे आली, तिच्या मागोमाग शेकडो कंपन्या आल्या आणि 'इलेक्ट्रॉनिक सिटी' हे नाव जगाच्या नकाशावर उमटले. जुना विमानतळ हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्याशेजारी, या वसाहतीपासून साधारण वीस किलोमीटरांवर होता. २००८ च्या मे महिन्यात मात्र शहराच्या उत्तरेस, देवनहळ्ळी येथे नवा विमानतळ सुरू झाला आणि नियमित विमाने तिकडे गेली. इलेक्ट्रॉनिक सिटी दक्षिण टोकाला, विमानतळ उत्तर टोकाला. मध्ये पन्नास किलोमीटरांहून अधिक अंतर आणि संबंध बंगळूर शहर. दीड तासाच्या विमानप्रवासासाठी आधी दोन तास मोटारीत बसावयाचे, हा अनुभव तेथील लोकांच्या अंगवळणी पडला.

२०१८ च्या मार्च महिन्यात या दोन टोकांना जोडणारी हेलिकॉप्टरची सेवा सुरू झाली, तेव्हा तिची बरीच चर्चा झाली ती यामुळेच. उड्डाण पंधरा मिनिटांचे, भाडे कर धरून माणशी ४,१३० रुपये आणि आसन राखून ठेवण्याची सोय हातातल्या दूरध्वनीवर. त्याआधी हेलिकॉप्टर भाड्याने घेणे म्हणजे चार ठिकाणी दूरध्वनी करणे, दरांची घासाघीस करणे आणि अखेर कोणा मध्यस्थाच्या शब्दावर विसंबणे, असे होते. आता पडद्यावर बोट टेकविले की काम झाले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की, यात नवे काय? चित्रपटाचे तिकीट असेच मिळते, रेल्वेचेही मिळते. विमान किंवा हेलिकॉप्टर भाड्याने देण्याचा धंदा संगणकावर आणणे हे मात्र रेल्वेचे तिकीट संगणकावर आणण्यापेक्षा पुष्कळच अवघड आहे. ही अडचण ध्यानात आली, म्हणजे या धंद्यात उतरलेल्या उद्योजकांची धडपड आणि त्यांतील काहींचे अपयशही समजू शकते.

महाराष्ट्रातील वाचकाला ही गोष्ट एस. टी.च्या उदाहरणाने चटकन कळेल. एस. टी.च्या दोन तऱ्हा असतात. एक वेळापत्रकाची गाडी. सकाळी सात वाजता ती साताऱ्याहून सुटते, प्रवासी पाच असोत वा पन्नास. दुसरी 'प्रासंगिक करारा'ची गाडी, जी लग्नाच्या वऱ्हाडासाठी किंवा शाळेच्या सहलीसाठी घेतली जाते. या दुसऱ्या गाडीचे भाडे आकारताना महामंडळ आगारापासून आगारापर्यंतचे अंतर मोजते. वऱ्हाड बसले त्या गावापासून ते उतरले त्या गावापर्यंतचे अंतर थोडे असले, तरी गाडी आगारातून त्या गावी रिकामी आलेली असते आणि वऱ्हाड उतरवून रिकामीच परत जावयाची असते. त्या रिकाम्या फेऱ्यांचे पैसे कोणी तरी भरावेच लागतात आणि ते वरपक्ष किंवा वधूपक्ष भरतो. खाजगी विमानाच्या धंद्याचे मर्म एवढेच आहे. फरक इतकाच की, तेथे डिझेलऐवजी विमानाचे इंधन जळते आणि हिशेब किलोमीटरांऐवजी तासांनी होतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. विमान मुंबईचे आहे. बंगळूरच्या एका गृहस्थांना तातडीने हैदराबादला जावयाचे आहे. विमान मुंबईहून बंगळूरला रिकामे जाईल, त्याला दीड तास. गृहस्थांना घेऊन हैदराबादला जाईल, त्याला एक तास. आणि हैदराबादहून मुंबईला रिकामे परत येईल, त्याला सव्वा तास. एकूण पावणेचार तास. ताशी भाडे दोन लाख रुपये धरले, तर बिल साडेसात लाखांचे होईल. त्यात गृहस्थ प्रत्यक्ष विमानात बसले तो तास केवळ दोन लाखांचा. विमानतळाचे शुल्क, विमान उभे करण्याचे भाडे, मुक्काम पडल्यास वैमानिकांचा खर्च आणि शासनाचा कर हे सारे वेगळेच. आता समजा, त्याच दिवशी बंगळूरच्याच धावपट्टीवर दुसऱ्या कोणा मालकाचे विमान उभे आहे आणि त्याला संध्याकाळी हैदराबादला रिकामे जावयाचे आहे. या गृहस्थांना ते ठाऊक असते, तर त्यांचे काम कितीतरी कमी पैशांत झाले असते आणि त्या मालकाच्या पदरातही चार पैसे पडले असते. दोघेही तयार आहेत, विमानही तयार आहे. पण एकाला दुसऱ्याची वार्ता नाही. ही वार्ता पोचविणे हाच या नव्या धंद्याचा जन्महेतू होय.

अशा रिकाम्या फेऱ्या थोड्याथोडक्या नसतात. युरोपातील खाजगी विमानांविषयी २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पर्यावरणविषयक अहवालात सुमारे चाळीस टक्के उड्डाणे रिकामी होत असल्याचे म्हटले होते. त्याच अहवालाप्रमाणे दर माणशी हिशेब केला, तर खाजगी जेट विमान नियमित विमानाच्या पाच ते चौदा पट प्रदूषण करते. मूठभर श्रीमंतांच्या सोयीसाठी एवढा धूर कशाला, असा प्रश्न विचारणारे लोक चुकतात असे म्हणता येणार नाही. पण विमान उडणारच असेल, तर ते रिकामे उडण्यापेक्षा भरलेले उडावे, एवढे तरी कोणीही मान्य करील.

नियमित विमानसेवेने आपल्या आरक्षणाचा प्रश्न फार पूर्वी सोडविला. अमेरिकेत १९५० च्या सुमारास विमानकंपनीच्या कचेरीत मोठ्या गोल फिरत्या फळीवर प्रत्येक उड्डाणाचे एक कार्ड ठेवलेले असे. भोवती बसलेले कारकून फळी फिरवून हवे ते कार्ड काढीत आणि विकलेल्या आसनापुढे खूण करीत. अमेरिकन एअरलाइन्स आणि आय. बी. एम. या दोन कंपन्यांनी मिळून 'सेबर' नावाची संगणकीय पद्धती उभारली आणि १९६४ पर्यंत ती पूर्णपणे चालू झाली. पुढे जगभरच्या आरक्षणाला तिने वळण लावले. पण सेबरपुढचा प्रश्न मुळात सोपा होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. उड्डाण ठरलेले, वेळ ठरलेली, आसने ठरलेली. प्रश्न एवढाच की, आसन विकले गेले की नाही. भाड्याच्या विमानात यांपैकी काहीच ठरलेले नसते. ग्राहकाने मागणी करीपर्यंत ते उड्डाण अस्तित्वातच नसते. भारतात प्रवासी वाहतुकीचे विमानतळ आता दीडशेच्या घरात गेले आहेत. दीडशे ठिकाणांमधील कोठूनही कोठेही जावयाचे म्हटले, तर २२,३५० वेगवेगळे मार्ग होतात. त्यांतील कोणता मार्ग, कोणत्या दिवशी, कोणत्या विमानाने, हे आगाऊ छापून ठेवता येत नाही.

बंगळूरला या धंद्याची जुनी परंपरा आहे आणि ती एका शेतकऱ्यापासून सुरू होते. हासन जिल्ह्यातील गोरूरचे गो. रा. गोपीनाथ हे सैन्यात कॅप्टन होते. १९७१ च्या युद्धात त्यांनी भाग घेतला होता. सैन्य सोडून ते गावी परतले, ओसाड जमीन हाती घेऊन त्यांनी रेशमाची शेती केली आणि त्या शेतीतील प्रयोगांबद्दल १९९६ साली त्यांना आंतरराष्ट्रीय रोलेक्स पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास सैन्यातील आपले सहकारी कॅप्टन के. जे. सॅम्युएल यांच्यासह त्यांनी 'डेक्कन एव्हिएशन' ही हेलिकॉप्टर भाड्याने देणारी कंपनी काढली. जक्कूरच्या लहानशा विमानतळावर तिचा तळ होता. निवडणुकीचे दौरे, तीर्थयात्रा, जमिनीची पाहणी, आजाऱ्याला हलविणे, अशी नाना तऱ्हेची कामे ती करी. त्या काळी आरक्षण म्हणजे दूरध्वनी आणि वही. कोणते यंत्र कोठे आहे, त्याचे तेल-पाणी कधी झाले, वैमानिक कोण मोकळा आहे, हे सारे कचेरीतील माणसाच्या डोक्यात असे. असा माणूस रजेवर गेला, तर धंदाच रजेवर जाण्याची पाळी यावी!

या धंद्यातून गोपीनाथ जे शिकले ते त्यांनी वेगळ्याच ठिकाणी वापरले. ऑगस्ट २००३ मध्ये त्यांनी 'एअर डेक्कन' ही स्वस्त दराची विमानसेवा सुरू केली. आरंभीची विमाने ए. टी. आर. जातीची, पंख्यांची, अठ्ठेचाळीस आसनांची होती. आरंभीच्या मार्गांत हुबळी-बंगळूर हा मार्ग होता. एजंटांच्या आणि जागतिक आरक्षणपद्धतींच्या दलालीवर फुली मारून या कंपनीने तिकिटे थेट इंटरनेटवर आणि दूरध्वनी-केंद्रावरून विकली. पुढे पेट्रोल पंपांवरही विकली. विमानाचे तिकीट म्हणजे लाल कार्बनची चोपडी, ही समजूत भारतात मोडली ती तेव्हा. आर. के. लक्ष्मण यांचा धोतर-कोटातला 'कॉमन मॅन' या कंपनीचे बोधचिन्ह होता; विमानात त्याला बसविण्याची कल्पना महाराष्ट्रातल्या वाचकांना विशेष रुचली असल्यास नवल नाही. २००७ मध्ये किंगफिशरने या कंपनीत मोठा हिस्सा घेतला, दुसऱ्या वर्षी ती त्या कंपनीत विलीन झाली आणि पुढे किंगफिशरही बुडाली. पण तिकीट घरबसल्या काढण्याची सवय बुडाली नाही. गोपीनाथ भाड्याच्या हेलिकॉप्टरपासून निघून सामान्य माणसाच्या तिकिटापर्यंत आले. त्यानंतरचे उद्योजक त्याच रस्त्याने उलट निघाले आहेत: सामान्य माणसाच्या तिकिटाची रीत त्यांना भाड्याच्या विमानाला लावावयाची आहे.

ही रीत लावण्यासाठी संगणकाला काय काय ठाऊक असावे लागते? विमान आज कोठे उभे आहे, हे तर हवेच. त्यापुढे, ते किती तास उडाल्यावर त्याची तपासणी येणार आहे, हे हवे. वैमानिक दोन लागतात आणि त्यांच्या कामाच्या व विश्रांतीच्या तासांना नियमांची मर्यादा आहे. सकाळी सहाला कामावर आलेल्या वैमानिकाला रात्री दहाचे उड्डाण देता येत नाही, ग्राहक कितीही मोठा असला तरी. ज्या धावपट्टीवर उतरावयाचे तिची लांबी पुरेशी आहे काय, तेथे रात्री उतरण्याचे दिवे आहेत काय, इंधन मिळते काय, हेही पाहावे लागते. शिर्डीचा विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाला. पण रात्री उतरण्याची सोय तेथे पुढे कित्येक वर्षे नव्हती, त्यामुळे काकड आरतीसाठी आदल्या रात्री पोचू इच्छिणाऱ्या भाविकाला विमान मिळत असूनही उपयोग नसे. पुण्याचा विमानतळ हवाई दलाचा. तेथे त्यांच्या सोयीने चालावे लागते. मुंबईची तऱ्हा आणखीच निराळी. तेथील मुख्य धावपट्टी इतकी व्यग्र असते की, गर्दीच्या तासांत खाजगी विमानांना मज्जाव करण्यात आला आणि २०२४ मध्ये हे निर्बंध अधिक कडक झाले. शिवाय प्रत्येक उड्डाणाआधी हवाई संरक्षणाच्या दृष्टीने अनुमतीचा क्रमांक घ्यावा लागतो. हे सर्व जमले, तरी जुलै महिन्यात कोकणावर ढग उतरले की सारी आखणी फिरते.

पडद्यावर दिसणारे 'उपलब्ध' हे एक शब्दाचे उत्तर एवढ्या सगळ्या गोष्टी तपासून द्यावयाचे असते. बहुतेक ठिकाणी ते तसे दिले जात नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ग्राहक मागणी नोंदवितो, पडद्यामागे बसलेली माणसे दूरध्वनी उचलतात, तासाभराने भाव कळवितात. दर्शनी भाग संगणकाचा, माजघर जुन्याच वळणाचे.

माजघर बदलण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न अमेरिकेत झाला. एड याकोबुच्ची हे संगणकक्षेत्रातील नावाजलेले गृहस्थ; 'सिट्रिक्स' या कंपनीचे एक संस्थापक. त्यांनी २००२ मध्ये फ्लोरिडात 'डेजेट' नावाची कंपनी काढली. सबंध विमान नव्हे, तर एकेक आसन विकावयाचे आणि तेही वेळापत्रकाशिवाय, अशी त्यांची कल्पना होती. ग्राहकाने एवढेच सांगावयाचे की, मी सकाळी कितीपासून निघू शकतो आणि मला कितीच्या आत पोचले पाहिजे. ही मुदत जितकी ऐसपैस, तितके भाडे कमी. संगणक मग वेगवेगळ्या ग्राहकांच्या मुदती एकमेकींत बसवून लहान जेट विमाने कमीत कमी रिकामी उडतील असा दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम रात्रीतून आखी. आपल्याकडे वाड्यांवस्त्यांवर फिरणारा दूधवाला कोणत्या घरी आधी जावे हे मनाशी जुळवितो, तोच हा हिशेब. पण येथे घरे रोज बदलतात आणि दूधवाल्यापाशी एकच नव्हे तर पुष्कळ घोडी असतात. गणितज्ञांनी कित्येक वर्षे त्यावर काम केले. ऑक्टोबर २००७ मध्ये पाच गावांमधून सेवा सुरू झाली.

सप्टेंबर २००८ मध्ये ती बंद पडली. गणित चुकले असे नाही. गणिताची मागणीच अशी होती की, विमाने पुष्कळ हवीत आणि गावे पुष्कळ हवीत. थोड्या विमानांत आणि थोड्या गावांत मुदती जुळत नाहीत. एवढा विस्तार करण्यासाठी भांडवल लागणार होते आणि २००८ च्या त्या शरद ऋतूत अमेरिकेतील पेढ्या स्वतःच कोसळत होत्या. लहान प्रमाणावर हा धंदा तोट्याचा आणि मोठ्या प्रमाणावर नेण्याइतका वेळ कोणी देत नाही, हा पेच तेव्हापासून या क्षेत्रातील प्रत्येकाच्या वाट्याला आला आहे.

भारतात हा पेच अंगावर घेणाऱ्यांत कनिका टेकरीवाल यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. त्या मूळच्या भोपाळच्या. विमानक्षेत्रातील एका कंपनीत नोकरी करीत असताना त्यांनी या धंद्यातील गोंधळ जवळून पाहिला आणि तो संगणकाच्या साहाय्याने सावरता येईल असे त्यांच्या मनाने घेतले. त्याच सुमारास, वयाच्या विशीत, त्यांना कर्करोग झाल्याचे निदान झाले. ही हकीकत त्यांनी स्वतःच अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. उपचारात वर्ष गेले. त्यातून उठल्यावर, २०१४ च्या सुमारास, त्यांची 'जेटसेटगो' ही कंपनी दिल्लीत उभी राहिली. जवळचे ५,६०० रुपये घेऊन आपण सुरुवात केली, असे त्या सांगतात. ही रक्कम ऐकून हसू येईल. एवढ्यात विमानाचे चाकही येणार नाही. पण यातच या धंद्याची युक्ती आहे. विमान विकत घ्यावयाचेच नव्हते. ग्राहकाकडून आगाऊ रक्कम घ्यावयाची, विमानवाल्याकडून उधारीची मुदत घ्यावयाची आणि मधल्या दिवसांवर धंदा चालवावयाचा. आपल्याकडील अडत्याला ही रीत पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. पुढे क्रिकेटपटू युवराजसिंग यांच्या गुंतवणूक-कंपनीने तिच्यात पैसे घातले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील श्रीमंत स्त्रियांच्या एका यादीत टेकरीवाल यांची संपत्ती ४२० कोटी रुपये दाखविली होती आणि स्वकष्टाने त्या यादीत आलेल्यांत त्या सर्वांत लहान, तेहेतीस वर्षांच्या होत्या.

या यशाच्या वाटेवर त्यांच्या कंपनीने एक महत्त्वाचे वळण घेतले, ते या लेखाच्या विषयाशी थेट संबंधित आहे. केवळ ग्राहक आणि विमानवाला यांची गाठ घालून देण्याने काम भागत नाही, हे लवकरच दिसून आले. परक्याच्या विमानाची देखभाल कशी आहे, वैमानिक वेळेवर येईल काय, ऐन वेळी मालकानेच ते विमान मागून घेतले तर काय, यांतील एकही गोष्ट मध्यस्थाच्या हाती नसते. शिव्या मात्र त्याला खाव्या लागतात. म्हणून कंपनीने लोकांची विमाने आपल्या व्यवस्थापनाखाली घेण्यास सुरुवात केली. मालकी मालकाची; पण देखभाल, वैमानिक, परवानगी आणि भाडे मिळवून देणे, हे सारे कंपनीचे. संगणकाचा धंदा करावयास निघालेला माणूस अखेर विमानाचे तेल बदलण्यापर्यंत आला, असे कोणी म्हणेल. पण पडद्यावरील 'उपलब्ध' हा शब्द खरा करावयाचा असेल, तर याखेरीज दुसरा मार्ग नव्हता.

भारतात भाड्याला मिळू शकणारी विमाने निघाली कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. येथील नियमांप्रमाणे स्वतःच्या वापरासाठी आणलेले विमान भाड्याने देता येत नाही. भाड्याने द्यावयाचे तर नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडून अनियमित वाहतुकीचा परवाना घ्यावा लागतो. खाजगी वापराच्या विमानावर आयातीच्या वेळी जबर कर पडतो, परवान्याखालील विमानाला त्यात सवलत मिळत आली. साहजिकच अनेक उद्योगसमूहांनी आपली विमाने परवान्याखाली आणली. नावाला ती सर्वांसाठी खुली होती. प्रत्यक्षात अध्यक्ष महाशयांच्या दौऱ्यापुरती उडत आणि एरवी उभी राहत. हे कर चुकविणे आहे की काय, यावरून सीमाशुल्क खात्याशी वादही झाले. देशात असे परवानाधारक शंभराच्या आसपास आहेत आणि त्यांतील बहुतेकांपाशी एक किंवा दोनच विमाने असतात. इतका विखुरलेला आणि अर्धवट वापरात असलेला साठा, हीच संगणकावर यादी करू पाहणाऱ्याची खाण होय. मात्र या खाणीच्या मालकांना यादी नको असते. कोणत्या उद्योगपतीचे विमान उद्या कोठे जाणार, यावरून कोणता कारखाना विकत घेतला जाणार याचा अंदाज बाजार बांधू शकतो. रिकामी फेरी जाहीर केली की, भरलेली फेरीही जाहीर होते. म्हणून कित्येक मालक फेरी रिकामी गेलेली पत्करतात, पण तोंड उघडत नाहीत.

रिकामी फेरी विकण्यात ग्राहकाच्या बाजूनेही एक धोका आहे. ती फेरी पहिल्या ग्राहकाच्या बेतावर लटकलेली असते. त्याने बैठक एक दिवस पुढे ढकलली की, तिच्यावर निम्म्या दरात आसन घेतलेला दुसरा ग्राहक विमानतळावरच राहतो. पैसे परत मिळतील. पण त्याच्या भाचीचे लग्न काही पुढे ढकलले जात नाही. हे आधी स्पष्टपणे सांगणारा विक्रेता आणि बारीक अक्षरांत दडविणारा विक्रेता यांत फरक करावयास ग्राहक हळूहळू शिकत आहेत.

याहून गंभीर धोका जबाबदारीचा आहे. पडद्यावर नाव एका कंपनीचे दिसते, उड्डाण दुसरीच कंपनी करते आणि विमान तिसऱ्याच्या मालकीचे असते. काही अघटित घडले, तर दाद कोणाकडे मागावयाची? २१ जानेवारी २०१९ च्या रात्री अर्जेंटिनाचा तरुण फुटबॉलपटू एमिलियानो साला फ्रान्समधील नांत येथून ब्रिटनमधील कार्डिफला एका इंजिनाच्या लहान विमानाने निघाला आणि इंग्लंडच्या खाडीत ते विमान कोसळले. साला आणि वैमानिक दोघेही मरण पावले. चौकशीत निघाले ते असे की, वैमानिकापाशी भाड्याने प्रवासी नेण्याचा परवानाच नव्हता आणि त्या विमानालाही तशी अनुमती नव्हती. ओळखीपाळखीतून, चार दूरध्वनींवर हे उड्डाण ठरले होते. ते ठरविणाऱ्या इसमाला २०२१ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. साला अठ्ठावीस वर्षांचा होता आणि नव्या संघात खेळावयास निघाला होता. तो विमानात बसला तेव्हा आपण परवान्याबाहेरच्या विमानात बसत आहोत, हे त्याला कोणीही सांगितले नव्हते, असेच मानावे लागते.

चांगल्या संगणकीय सेवेचे खरे मोल येथे दिसते, आणि ते भाड्यातील बचतीपेक्षा मोठे आहे. दूरध्वनीवरील व्यवहाराचा पुरावा राहत नाही. संगणकावर नोंद राहते. परवान्याची मुदत संपलेले विमान यादीतून आपोआप गळावे, कामाचे तास भरलेला वैमानिक त्या उड्डाणाला जोडताच येऊ नये, अशी तजवीज तेथे करता येते. करता येते म्हणजे केली जातेच असे नाही. भारतात १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. पण नवा कायदा आला तरी उड्डाणाची जबाबदारी परवानाधारकाचीच राहते, पडद्यावर भाव दाखविणाऱ्याची नव्हे. म्हणून पैसे भरण्यापूर्वी ग्राहकाने उड्डाण करणाऱ्या परवानाधारकाचे नाव, विमानाच्या शेपटीजवळचा 'व्हीटी' या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि विम्याचा कागद मागून घ्यावा. हे मागितल्यावर जो विक्रेता चुळबूळ करील त्याच्याकडून विमान घेऊ नये.

आसने एकेक करून विकण्याचा मार्ग भारतात हेलिकॉप्टरवाल्यांनी अधिक चोखाळला. नोव्हेंबर २०१९ मध्ये 'ब्लेड इंडिया' या कंपनीने मुंबई, पुणे आणि शिर्डी यांच्या दरम्यान अशी सेवा सुरू केली. काही महिन्यांतच, मार्च २०२० मध्ये, महासाथीने देशातील सारी नियमित विमाने दोन महिने जमिनीवर बसविली. त्या काळात औषधे, आजारी माणसे आणि अडकून पडलेले लोक नेण्यासाठी भाड्याच्या विमानांना मागणी आली आणि ज्यांनी पूर्वी कधी विमान भाड्याने घेतले नव्हते अशा घरांतूनही विचारणा होऊ लागली. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ब्लेडने बंगळूरच्या जुन्या विमानतळापासून देवनहळ्ळीपर्यंत हेलिकॉप्टर सुरू केले. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या माणसाला त्यासाठी आधी जुन्या विमानतळापर्यंत मोटारीने जावे लागणार होते. १० ऑगस्ट २०२५ रोजी रा. वि. रोड ते बोम्मसंद्र ही मेट्रोची पिवळी मार्गिका इलेक्ट्रॉनिक सिटीतून धावू लागली. ती विमानतळापर्यंत जात नाही. पण सिल्क बोर्डाच्या चौकातील गर्दी तिने पुलावरून ओलांडली आणि तिचे तिकीट काही दहा रुपयांच्या नोटांत येते. २०१८ मध्ये पंधरा मिनिटांच्या उड्डाणासाठी ४,१३० रुपये मोजणाऱ्यासारखा प्रवासी आता त्या तिकिटाशी तुलना करूनच पडद्यावर बोट टेकवील.